एक्स-रे नॉर्मल, तरी महिनाभर मनगट दुखतेय: अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या छोट्या हाडाविषयी

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा 22 वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतो. महिन्यापूर्वी पावसात गाडी घसरली आणि तो उजवा हात टेकून पडला. त्याच दिवशी एक्स-रे काढला. ‘फ्रॅक्चर नाही, मुका मार आहे’ असे सांगून क्रेप बँडेज आणि गोळ्या दिल्या. सूज उतरली, पण जोर मारताना आणि गोळा उचलताना अंगठ्याच्या बुडाशी अजून कळ येते. बोटांत बधिरपणा नाही. गावातले एक जण मालीश करून देतो म्हणतात. आता काय करायचे, ऑपरेशन लागेल का, आणि भरतीचे काय, असे त्याच्या आईने विचारले आहे.

ताई, आधी कामाचे सांगतो. मालीश नको. जोर, गोळा, बादली उचलणे आजपासून बंद. आणि याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ‘बघू अजून पंधरा दिवस’ असे करू नका, कारण तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीवरून मला एकाच हाडाची शंका येते. त्याचे नाव स्कॅफॉइड. फ्रॅक्चर आहेच असे मी न तपासता म्हणणार नाही, पण ते नाही हे सिद्ध होईपर्यंत आहे असे धरून चालायचे, हा आमच्या कामातला नियम आहे आणि तो फार लोकांच्या नुकसानीतून तयार झालेला आहे.

मनगट म्हणजे एक सांधा असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तिथे आठ छोटी हाडे चार-चारच्या दोन ओळींत बसलेली असतात. स्कॅफॉइड हे अंगठ्याच्या बाजूचे, जेमतेम काजूएवढे. त्याचा आकार होडीसारखा, आणि नावही होडीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरूनच आले आहे. बाकीची हाडे आपापल्या ओळीत राहतात, हे एकटे दोन्ही ओळींना जोडून तिरके बसलेले असते. म्हणून तळहात टेकून पडले, मनगट मागे जोरात वाकले, की दोन ओळींमधला सगळा ताण याच्या कमरेवर, म्हणजे मधल्या अरुंद भागावर येतो. मनगटातल्या छोट्या हाडांची जी फ्रॅक्चर होतात, त्यातली निम्म्याहून बरीच जास्त या एकाच हाडाची असतात. आणि ती होतात तरुणांना. तसेच हात टेकून साठीतली बाई पडली तर तिचे मनगटाच्या वरचे, हाताचे मोठे हाड मोडते, लहान मुलाचेही बहुधा तेच. विशी-तिशीतल्या धडधाकट मुलाचे ते मोठे हाड टिकते आणि हे छोटे तडकते. म्हणून गाडीवरून, कबड्डीच्या मैदानावर किंवा दहीहंडीच्या थरावरून पडलेला तरुण ‘मनगट दुखतंय’ म्हणून आला की माझे बोट आधी तिथेच जाते.

ती जागा तुम्हालाही शोधता येईल. मुलाला अंगठा ताठ वर करायला सांगा, आपण एखाद्याला ‘मस्त’ अशी खूण करतो तसा. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला, दोन दोऱ्या ताणल्यासारख्या दिसतात आणि त्यांच्यामध्ये एक खळगी पडते. पूर्वी लोक या खळगीत तपकिरीची चिमूट ठेवून ओढत, म्हणून शरीरशास्त्रात तिचे नावच तपकिरीची डबी असे पडले आहे. स्कॅफॉइड या खळगीच्या तळाशी असते. तिथे तर्जनीच्या टोकाने दाबा. मग दुसऱ्या हातावर तेवढ्याच जोराने दाबा, कारण तिथून एक नस जाते आणि थोडेसे तर सगळ्यांनाच दुखते. फरक महत्त्वाचा. नंतर तळहाताच्या बाजूने, मनगटाच्या रेषेवर अंगठ्याखाली एक उंचवटा लागतो, तो दाबा. शेवटी अंगठा धरून मनगटाच्या दिशेने हलकेच आत ढकला. या तिन्ही ठिकाणी दुखले तर माझी शंका पक्की होत जाते. तिन्हीत काहीच दुखले नाही, तर स्कॅफॉइड मोडलेले असण्याची शक्यता बरीच कमी. पण ही चाचणी डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही, आणि पुन्हा पुन्हा दाबून बघू नका.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न: एक्स-रे नॉर्मल होता ना?

एक्स-रे म्हणजे सावली. हाड तिरके बसलेले आणि वाकडे असल्यामुळे साध्या एक्स-रेत ते आखडून दिसते आणि शेजारची हाडे त्यावर चढलेली दिसतात. केसासारखी बारीक भेग किरणांच्या अगदी रेषेत आली तरच दिसते. मनगट करंगळीच्या बाजूला वळवून एक वेगळा एक्स-रे काढायचा असतो, त्याला आम्ही स्कॅफॉइड व्ह्यू म्हणतो. त्यात हाड लांब उलगडून दिसते. पण घाईच्या वेळी बहुतेक ठिकाणी समोरून आणि बाजूने असे दोनच फोटो निघतात. आणि सगळे फोटो काढले तरी पहिल्या दिवशी काही फ्रॅक्चर दिसतच नाहीत. दहा-पंधरा दिवसांनी भेगेच्या कडांचे हाड थोडे विरघळते आणि रेघ रुंद होऊन दिसू लागते. म्हणूनच पहिल्या दिवशी खळगीत दुखत असेल, तर एक्स-रे कितीही स्वच्छ असो, प्लास्टर किंवा घट्ट स्प्लिंट घालून दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवायचे असते. ज्यांना शक्य आहे त्यांचे एमआरआय पहिल्या काही दिवसांतच केले, तर प्रश्न तिथेच मिटतो. एमआरआयमध्ये अशी भेग सहसा लपत नाही.

तुमच्या मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांवर मी राग धरणार नाही. कारण हीच चूक मी केलेली आहे. शिकत होतो तेव्हा रात्रपाळीला एक गवंडी आला, परांचीवरून पडलेला. एक्स-रे पाहिला, काही दिसले नाही. मीही ‘मुका मार’ म्हणालो, क्रेप बँडेज बांधले आणि पाठवले. खळगीत बोट ठेवून दाबलेसुद्धा नाही. तीन वर्षांनी तो पुन्हा समोर आला, तेव्हा थापी धरता येत नव्हती. स्कॅफॉइडचे दोन तुकडे वेगवेगळे हलत होते आणि आजूबाजूचा सांधा झिजून गेला होता. शेवटी ते हाड काढून बाकीच्यांपैकी चार हाडे एकमेकांना कायमची जोडावी लागली. दुखणे कमी झाले, पण मनगटाची हालचाल निम्म्यावर आली आणि गिलाव्याचे काम सुटले. त्या दिवशी दोन मिनिटे देऊन दाबून पाहिले असते, तर आठ-दहा आठवड्यांच्या प्लास्टरवर भागले असते. तेव्हापासून मनगटाचा कोणताही रुग्ण मी ती खळगी तपासल्याशिवाय सोडलेला नाही.

इतके छोटे हाड इतका त्रास का देते, हे समजून घ्या, म्हणजे पुढच्या उपचारात कंटाळा येणार नाही. कारण रक्तपुरवठ्यात आहे. धरणाचा कालवा जसा एका टोकाने शिरून शेवटच्या, टेलच्या शेतापर्यंत जातो, तसे या हाडात रक्त शिरते ते बोटांकडच्या बाजूने आणि तिथून उलटे, कोपराच्या दिशेने वाहत जाते. हाडाच्या जवळपास तीन चतुर्थांश भागाला या एकाच वाटेने रक्त मिळते. दुसरीकडून शिरायला जागाही नाही, कारण हाडाचा सुमारे 80 टक्के पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेने झाकलेला असतो. आता कालवा मध्येच फुटला तर टेलचे शेत वाळते. हाड कमरेत मोडले की कोपराकडचा तुकडा असाच उपाशी पडू शकतो. मोडलेली जागा जितकी त्या टोकाजवळ, तितके जुळणे अवघड आणि तुकडा मरण्याचा धोका जास्त. याउलट बोटांकडच्या टोकाचे फ्रॅक्चर चार ते सहा आठवड्यांत निमूट जुळते.

शिवाय मांडीचे किंवा नडगीचे हाड जुळताना बाहेरून जसा हाडाचा गोळा धरतो, तसा इथे धरत नाही. बाहेरून वेढणारे आवरण इथे जवळजवळ नसतेच आणि भोवती सांध्यातले पाणी असते. दोन तुकडे एकमेकांना चिकटून, न हलता राहिले तरच आतून जुळतात. त्यामुळे मालीशला मी इतका ठाम नकार देतो. हाडवैद्यांविषयी मला राग नाही. बरगडी, गळपट्टीचे हाड अशी कितीतरी फ्रॅक्चर थोडी हलली तरी स्वतःहून जुळतात आणि श्रेय बांधणाऱ्याला मिळते. स्कॅफॉइडला ती सवलत नाही. तेल लावून मनगट चोळले, खेचले, फिरवले, की नुकता धरू लागलेला धागा तुटतो.

तुमच्या मुलाला आता चार आठवडे झाले आहेत. ही वेळ मोक्याची आहे. साधारण चार आठवड्यांच्या आत हात स्थिर केला आणि तुकडे सरकलेले नसले, तर दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त जणांचे हाड प्लास्टरमध्येच जुळते. उशीर होत जातो तसे न जुळण्याचे प्रमाण वाढते. तरी महिना-दीड महिना उशिरा आलेली, न सरकलेली फ्रॅक्चर नुसत्या प्लास्टरने जुळलेली मी पाहिली आहेत. फक्त अशा वेळी प्लास्टर जास्त काळ ठेवावे लागते.

डॉक्टरांकडे गेल्यावर पुन्हा एक्स-रे निघतील, स्कॅफॉइड व्ह्यूसह. आता रेघ बहुधा दिसेल. दिसली तर पुढची तपासणी एमआरआय नव्हे, सीटी स्कॅन. तुकडा सरकला आहे का, हाड कमरेत वाकून कुबड निघाले आहे का, भेगेत पोकळी झाली आहे का, हे सीटीत स्पष्ट कळते. रेघ दिसली नाही आणि खळगी दुखतच असेल तर एमआरआय. पैशांची अडचण असेल तर तसे मोकळेपणाने सांगा, पण दोन्हींपैकी योग्य ती एक तपासणी टाळू नका. पुढचा सगळा निर्णय तिच्यावर उभा असतो.

ऑपरेशन लागेल का, याचे उत्तर त्या स्कॅनमध्ये आहे. हाड कमरेत मोडलेले पण जागच्या जागी असेल, तर मी प्लास्टर सुचवतो: कोपराच्या खाली, बोटे मोकळी. अंगठाही मोकळा ठेवला तरी हाड तितकेच जुळते, हे तुलना करून पाहिलेले आहे. त्यामुळे दोन डॉक्टरांची प्लास्टरची पद्धत वेगळी दिसली तर घाबरू नका. साधारणपणे आठ ते बारा आठवडे धरा. कोपराकडच्या टोकाचे फ्रॅक्चर असेल, तुकडा दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला असेल किंवा कुबड आले असेल, तर मी ऑपरेशनच सांगेन. मधल्या, म्हणजे एक-दोन मिलिमीटर सरकलेल्या फ्रॅक्चरवर आमच्यात बरीच वर्षे वाद होता. ब्रिटनमधल्या 31 रुग्णालयांनी मिळून 439 प्रौढ रुग्णांची चाचणी केली, ती 2020 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. कमरेतले, दोन मिलिमीटरपर्यंत सरकलेले फ्रॅक्चर, निम्म्यांना लगेच स्क्रू, निम्म्यांना आधी प्लास्टर आणि हाड जुळत नाही असे दिसले तर ताबडतोब ऑपरेशन. वर्षभरानंतर दुखणे आणि हाताचे काम यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. या चाचणीने माझी सवय बदलली, पूर्वी मी तरुणांना लवकर स्क्रू सुचवत असे. पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या चाचणीत मार लागल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आलेलेच रुग्ण होते. महिनाभर त्या हातावर जोर मारून झालेल्या मुलाला ती जशीच्या तशी लावता येत नाही. त्याच्या स्कॅनमध्ये भेग रुंदावलेली दिसली, तर मी स्क्रूकडे झुकेन.

ऑपरेशन म्हटले की घरचे हादरतात, म्हणून थोडे सांगतो. बहुतेक वेळा फक्त हात बधिर करतात. सी-आर्म या चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर पाहत हाडातून एक बारीक तार घालतात आणि तिच्यावरून डोके नसलेला स्क्रू सरकवतात. ऑस्ट्रेलियात काम करणारे शल्यविशारद टिमोथी हर्बर्ट यांनी 1984 साली या स्क्रूचे निकाल प्रसिद्ध केले. त्याच्या दोन टोकांच्या आट्यांमधले अंतर वेगवेगळे असते, त्यामुळे फिरवत नेला की दोन्ही तुकडे आपोआप एकमेकांकडे ओढले जातात. डोके नसल्याने तो हाडाच्या आत बुडून राहतो आणि सहसा काढावा लागत नाही. फ्रॅक्चर जुने असेल, भेगेत पोकळी झाली असेल, तर हाताच्या मोठ्या हाडातून मनगटाजवळचे किंवा रुग्णाच्या कंबरेच्या कडेच्या हाडातले थोडे हाड घेऊन तिथे भरावे लागते. धोके आहेत: स्क्रू चुकीच्या जागी जाणे, टोक सांध्यात येणे, जंतुसंसर्ग, आणि एवढे करूनही न जुळणे. हाताच्या हाडांचे नियमित काम करणाऱ्या सर्जनकडे हे करून घ्यावे असे मला मनापासून वाटते. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून हे ऑपरेशन यादीत बसते का, ते आधी विचारून घ्या.

प्लास्टरच्या काळात लोक मला पायाच्या सुपाविषयी आणि कॅल्शियमच्या गोळ्यांविषयी विचारतात. नेहमीचे जेवण, दूध, डाळी, अंडी पुरेशी आहेत. जास्तीच्या कॅल्शियमने हे हाड लवकर जुळत नाही. मात्र एक गोष्ट खरोखर फरक पाडते, ती म्हणजे सिगारेट-बिडी. धूम्रपान करणाऱ्यांचे स्कॅफॉइड जुळायला त्रास होतो, ऑपरेशननंतरसुद्धा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि इथे तर मुळातच रक्त एका वाटेने येते. तंबाखू मळून खाणाऱ्यांनाही मी तेच बजावतो. मुलाला एकटे असताना विचारा, तुमच्यासमोर तो कदाचित सांगणार नाही.

भरतीचे मला समजते. त्या एका जागेसाठी पोरांनी दोन-तीन वर्षे पहाटे उठून घाम गाळलेला असतो आणि तीन महिने हात बांधून बसायला सांगितले की त्यांचे डोळे भरून येतात. पायांचे, पोटाचे व्यायाम प्लास्टरमध्येही करता येतात. 1600 मीटर धावण्याचा सराव सुरुवातीचे काही आठवडे थांबवावा, कारण पुन्हा त्याच हातावर पडणे परवडणारे नाही. पुढे डॉक्टर म्हणतील तेव्हा सपाट मैदानावर सुरू करता येईल. गोळा आणि जोर सर्वांत शेवटी. जोर मारताना मनगट पूर्ण मागे वाकते आणि शरीराचा भार त्यावर येतो, म्हणजे हाड ज्या स्थितीत मोडते तीच ही स्थिती. दुखायचे थांबले म्हणून जुळले, असे इथे समजू नका. न जुळलेले स्कॅफॉइडही कित्येक महिने गप्प राहते, मुलगा जेवतो, मोबाईल वापरतो, गाडी चालवतो. साध्या एक्स-रेवरही मी विसंबत नाही. हाड भरून आल्याचे सीटीत दिसले, मग पकड आणि हालचाल परत आली, मगच गोळा. प्लास्टर लागल्यापासून चार-सहा महिने मनाशी धरून ठेवा. यंदाची संधी गेली तर वाईट वाटेल. पण मोडके हाड घेऊन गोळा फेकला आणि ते कायमचे सुटे राहिले, तर पाच-दहा वर्षांत सांधा झिजायला लागतो, आणि तो हात त्याला पुढची चाळीस वर्षे वापरायचा आहे.

दुखणे नेमके खळगीत नसेल तर इतर हाडांचाही विचार होईल. मनगटाच्या मागच्या बाजूला, करंगळीकडे दुखत असेल तर ट्रायक्वेट्रम नावाच्या हाडाचा छोटा टवका उडालेला असू शकतो. तो बाजूने काढलेल्या एक्स-रेत दिसतो आणि काही आठवड्यांच्या स्प्लिंटने बरा होतो. तळहातात करंगळीच्या खाली, बॅटची किंवा रॅकेटची मूठ टेकते तिथे दुखत असेल तर हॅमेट नावाच्या हाडाला जो आकडा असतो, त्याचे फ्रॅक्चर असू शकते. त्यासाठी वेगळा एक्स-रे किंवा सीटी लागतो. एका प्रकारात मात्र एक दिवसही थांबायचे नाही. जोरदार पडल्यावर मनगट खूप सुजले, बोटे मिटेनात, आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर झाले, तर ल्युनेट हाडाभोवतीचा सांधा निखळलेला असू शकतो. बाजूच्या एक्स-रेत ल्युनेट कपासारखे दिसते. निखळले की शेजारचे हाड त्या कपाबाहेर जाते, कधी कप स्वतःच चहा सांडल्यासारखा कलंडतो. पहिल्या तपासणीत हेही बऱ्याचदा सुटते. तिथे नस दाबली जात असते, त्यामुळे सांधा त्याच दिवशी बसवावा लागतो आणि नंतर ऑपरेशन ठरलेलेच असते. तुमच्या मुलाला बधिरपणा नाही असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे ही भीती नको.

जाताना पहिल्या दिवशीचे एक्स-रे सोबत न्या, नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडी हवी. कधी कधी आज दिसणारी रेघ ओळखल्यावर जुन्या फोटोतही पुसटशी सापडते आणि ती तेव्हापासून किती रुंदावली ते कळते. डॉक्टरांना ‘मनगट दुखते’ एवढेच न सांगता, कसा पडला, तळहात टेकला होता का, आणि नेमके कुठे बोट ठेवल्यावर दुखते, ते मुलाने स्वतः दाखवावे. ‘स्कॅफॉइडचा फोटो काढाल का’ असे विचारायला संकोच करू नका. तोवर औषधांच्या दुकानात अंगठ्यासकट मनगट धरणारा स्प्लिंट मिळतो, तो आजच आणून घाला आणि दाखवायला जाईपर्यंत फक्त अंघोळीपुरता काढा.